समुद्राकडे पाठ केलेली घरं

आमच्या घराण्यात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. पाणी म्हणजे पंचगंगा, फार तर रंकाळा, आणि आजोळी गडहिंग्लजला गेलं की हिरण्यकेशी. त्यामुळे माझ्या वडलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एका संध्याकाळी ऑफिसातून येऊन टोपी खुंटीला लावता लावता "दीड वरीस समुद्राकाठी जायाचं हाय" असं सांगितलं, तेव्हा चुलीपुढे बसलेल्या अव्वाचा, म्हणजे आईचा, भाकरी थापणारा हात थांबला. "कुणी?" तिनं विचारलं. "समद्यांनी. तिघांनी बी." अव्वानं हात पुन्हा चालू केला. "आणि तिथं खायाचं काय? मासं?" आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून अण्णा रोज ऑफिसातून जवळजवळ पळतच घरी यायचे. अशा घरानं मासेमारीच्या गावात राहायला जायचं म्हणजे अव्वाच्या दृष्टीनं अजगराच्या तोंडात बिऱ्हाड मांडण्यासारखं होतं. पण अण्णा पाटावर बसले, ताट पुढं ओढलं आणि म्हणाले, "काम मीच मागून घेतलंय." तव्यावरची भाकरी त्या दिवशी करपली.

अण्णा एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचं काम करत. माडबंदर नावाच्या एका जुन्या गावातली बंदराकाठची घरं सरकारनं संरक्षित करायची ठरवली होती, आणि त्याआधी प्रत्येक घर मोजून, भिंत न् भिंत कागदावर उतरवायची होती. घरदार सोडून एवढ्या लांब जायला कचेरीतलं कुणी तयार नव्हतं. अण्णांनी हात वर केला. का केला, ते मला तिथं गेल्यावर महिन्याभरानं कळलं.

घाट उतरून एसटी खाली गेली आणि हवेला चिकटपणा आला. अव्वाच्या मांडीवर ज्वारीच्या पिठाचा डबा होता, पायाशी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. एका वळणावर कुणीतरी "समुद्र" म्हणालं. मी खिडकीतून अर्धी बाहेर लटकले. अव्वानं माझ्या खांद्यावरून नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "एवढं पाणी, आणि घोटभर पिता येत न्हाय. उपेग काय मग?" पुढे तिच्यापुरता उपयोग तिनं शोधून काढला. कोल्हापुरात सूर्य घरांमागं कधी जायचा ते कळायचं नाही, घड्याळ बघून जेवायला लागायचं. माडबंदरात तो सगळ्यांदेखत पाण्यात उतरायचा. अव्वा शेजारच्या टोकाच्या घरापलीकडे बोळात उभी राहून त्याच्यावर नजर ठेवायची आणि ओरडायची, "पद्मा, तीन बोटं ऱ्हायलाय, या जेवायला!"

पण हे सूर्य बघणं त्या बोळातूनच व्हायचं, घरातून नाही. माडबंदरची खरी गंमत हीच होती. बंदराच्या काठानं सत्तावीस घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लावून उभी होती, आणि सगळ्यांनी समुद्राकडे पाठ केलेली होती. पुढच्या बाजूला तांबड्या चिऱ्यांच्या रुंद पायऱ्यांची वाट, तिला तिथं घाटी म्हणत, आणि त्या घाटीकडे तोंड केलेल्या पडव्या. पडव्यांचे खांब सागवानी, काहींवर वेलबुट्टी. कित्येक तुळयांना मध्येच गोल भोकं असायची, कारण ती लाकडं मोडलेल्या गलबतांची होती. एकेकाळी त्यांच्यातून दोर ओवलेले असत. भिंती हातभर जाड, शिंपल्यांच्या चुन्यानं लिंपलेल्या. आणि मागं, समुद्राच्या अंगाला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच भिंत. तिला खिडकी नाही, झरोका नाही, काही नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं तेव्हा शेजारचे भिकूतात्या हसले. तात्या म्हणजे जुने तांडेल, गलबतावरचे मुख्य. "बाय माझे," ते म्हणाले, "दिवसभर त्याच्याच पोटात काढूचो. घराक इल्यार पुन्हा त्येचा तोंड कित्याक बघूचा?" शिवाय वादळ आलं तर ते मागूनच येणार, आणि त्या वेळी आंधळी भिंतच माणसाला वाचवते, हेही त्यांनी सांगितलं.

आम्हाला राहायला मिळालं ते सव्वीस नंबरचं घर; त्याचे मालक मुंबईला. सत्ताविसावं, ओळीतलं शेवटचं, तात्यांचं. घरात तात्या, काकी आणि माझ्याच वयाची त्यांची मुलगी सुली. थोरला मुलगा मुंबईत गोदीत. दोन घरांत एकच भिंत, तीही वरपर्यंत गेलेली नाही, आढ्याखाली मोकळी. त्यामुळे त्यांच्याकडचं सगळं आम्हाला ऐकू यायचं. सुलीचं पाढे म्हणणं, तात्यांची तपकिरीची शिंक, आणि दिवसातून चार वेळा काकींचा दमा. आधी एक बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज, मग ओढ, मग बराच वेळ काहीच नाही. त्या "काहीच नाही"मध्ये अव्वा हातातलं काम टाकून उभी राहायची. पुन्हा शिट्टी आली की खाली बसायची.

अव्वा आणि काकींचं सूत जमलं ते एका मडक्यामुळे. आल्या आल्या काकींनी ओल्या काजूंची उसळ पाठवली होती, आणि अव्वानं ती हात जोडून परत केली: "माशाच्या चुलीवरचं आमाला चालत न्हाय, राग मानू नगा." मला लाजेनं मेल्यासारखं झालं. आठ दिवसांनी सुली पुन्हा आली. हातात कोरं करकरीत मडकं. काकींनी बाजारातून नवं मडकं आणवलं होतं, कडेच्या बोळात तीन दगडांची वेगळी चूल मांडली होती आणि कांदा-लसणाशिवाय उसळ केली होती. "आई म्हणता, ह्या मडक्यात दुसरा कायएक शिजूचा नाय. ह्या तुमचा." अव्वानं मडकं नाकाशी नेऊन दोनदा हुंगलं. मग पदर डोळ्याला लावला, आणि लगेच आत जाऊन आमच्या चटणीची अर्धी बरणी सुलीच्या हातात दिली. खवलेल्या नारळाचा चव आणि ओल्या काजूचा गोडसर मऊपणा मी पहिल्यांदा चाखला तो त्या दिवशी. आता कोल्हापुरात सोललेले काजू बाराही महिने पाकिटात मिळतात. मी आणते, भिजवते, करते. बरी होते उसळ.

महिन्याभरानं एका दुपारी अण्णांनी मला हाक मारली. टेबलावर नकाशाचा पातळ कागद ताणून लावला होता. अण्णांच्या हातात शाईचं पेन होतं आणि हात थरथरत होता. पेनाचं टोक कागदाच्या वर आभाळातल्या घारीसारखं फिरत होतं, उतरत नव्हतं. "बघितलंस?" ते म्हणाले. "वरीस झालं. तुझ्या अव्वाला ठावं हाय. कचेरीत कुणाला न्हाय." मला कळलं, आम्ही एवढ्या लांब का आलोय ते. नकाशे काढणाऱ्याचा हात गेला हे जिथं कुणाला दिसणार नाही, अशा जागी ते आम्हाला घेऊन आले होते. त्यांनी खुर्ची मागं सरकवली. "तू बस. शिकवतो."

शाळा सकाळची होती. दुपारी आम्ही घरं मोजायचो, अण्णा आकडे लिहून घ्यायचे, मी आणि सुली फितीची दोन टोकं धरायचो. संध्याकाळच्या आधी मी शाई फिरवायला बसायची. अण्णा शिकवताना एरवीच्यापेक्षा कडक व्हायचे. एकदा एका घराची भिंत जरा तिरकी होती, मी ती सरळ काढली, दिसायला बरी म्हणून. त्यांनी ब्लेडनं ती रेघ खरवडून काढली. "नकाशा म्हंजे साक्ष असती पद्मा. भिंत वाकडी हाय तर वाकडीच सांगायची. आपुन हितं शोभा करायला न्हाई आलो." मी रडले. पण त्या दीड वर्षात मला जो हात मिळाला त्यावर मी पुढं चाळीस वर्षं जगले. शाळेत चित्रकला शिकवली, लोकांच्या घरांचे आराखडे काढून दिले. आमच्या कळंब्याच्या या घराचाही मीच काढलाय.

सगळ्या ओळीत अण्णांचा जीव जडला होता सत्ताविसाव्या घरावर. पडवीच्या सहा खांबांवर सहा वेगळे पक्षी कोरलेले होते. तात्यांच्या आजोबांनी बरोबर आणलेल्या कुणा सुतारानं ते कोरले होते, आणि तो कुठला हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अण्णांनी त्या एका पडवीवर अकरा दिवस घालवले. पक्ष्यांच्या पिसांचे छाप ते पेन्सिलीनं कागदावर उतरवून घ्यायचे. तेवढं त्यांना थरथरत्या हातानंही जमायचं. तात्या शेजारी बसून त्यांच्याशी वारं, भरती आणि कोल्हापूरच्या कुस्त्यांवर बोलायचे. दोघांना एकमेकांचं निम्मंच समजायचं, पण बैठक मोडायची नाही.

मग एकदा देवळापुढं गाव जमलं. "सायबानू," तात्यांनी विचारलं, "ह्या संरक्षित म्हणजे नेमका काय ता सांगा." अण्णांनी आडपडदा ठेवला नाही. घर विकता येईल, दुरुस्त करता येईल, पण बाहेरून बदलता येणार नाही. स्लॅब नाही, मजला नाही, नवी खिडकी नाही. आणि निकाल लागेपर्यंत सगळ्याच बांधकामाला मनाई. मागून कुणीतरी म्हणालं, "आणि आतली माणसां? ती संरक्षित आसत की नाय?" सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. माझ्या शेजारी बसलेली सुलीही हसली नाही.

त्या हसण्यामागं काय होतं ते मला माहीत होतं. काकींची खोली घराच्या पार मागं, आंधळ्या भिंतीला लागून होती. पिढ्यान् पिढ्या बायका तिथंच बाळंत झाल्या, तिथंच आजारी पडल्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर, त्यामुळे चुलीचा धूर त्याच खोलीत जाऊन बसायचा. काकींना सरळ आडवं झालं की दम लागायचा. पाठीशी गोणपाटाची गुंडाळी घेऊन त्या अर्धवट बसून झोपायच्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधाइतकीच यांना उजेड आणि वाऱ्याची गरज आहे. पुढं पडवीत त्यांना का आणत नाही, असं मी विचारलं होतं. काकी स्वतःच नाही म्हणाल्या होत्या. घाटीवरून दिवसभर माणसं जातात, त्यांच्यापुढं असं तोंड उघडं टाकून धापा टाकायच्या त्यांना नको होत्या. ती खोली मोजली मी आणि सुलीनं. परपुरुषानं तिथं जायचं नाही म्हणून अण्णा दारातूनच परत फिरले होते.

तात्यांनी अण्णांना एकच मागितलं. "मागच्या भिंतीक एक खिडकी होयी. बाकी घराक हात लावणंय नाय." अण्णांनी त्याच दिवशी कचेरीला पत्र लिहिलं. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. उत्तर यायला दोन महिने लागले. समुद्राच्या बाजूची अखंड भिंत हेच या ओळीचं वैशिष्ट्य असल्यानं परवानगी देता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. अण्णांनी ते तात्यांना वाचून दाखवलं. तात्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "तुमी प्रयत्न केलास." त्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडे शिट्टी वाजली, ओढ लागली, आणि मग इतका वेळ काहीच आलं नाही की अव्वा तशीच अनवाणी धावत पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना सुली घाटीवर थांबली. सुली मागणारी मुलगी नव्हती. माझ्याकडून तिनं कधी पेन्सिलीचा तुकडाही मागितला नव्हता. ती म्हणाली, "गो पद्मा, हद्दीची रेघ तूच काढतंस ना? आमचां घर टोकाचां. आमका सोडशीत?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं चालायला लागली.

सगळी घरं काढून झाली होती. शेवटचा कागद हद्दीचा. सत्तावीस घरांना वळसा घालणारी एक तांबडी रेघ, तिच्या आतलं तेवढं संरक्षित. ती मी काढली. सव्विसाव्या घरापर्यंत आले आणि तिथंच वळले. हात अजिबात हलला नाही. इतकी सरळ रेघ मी त्याआधी काढली नव्हती.

अण्णांनी कागद उचलला, उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. मला वाटलं, मारतील. त्यांनी आयुष्यात माझ्यावर हात उचलला नव्हता, पण मला वाटलं. "सुलीनं सांगितलं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, त्यावर पट्टी ठेवली, चप्पल घातली आणि तात्यांच्या पडवीत गेले. मी मागोमाग. "तात्या," ते म्हणाले, "वहिनींना इचारा, मी आत येऊ का म्हणून. ती खोली मी अजून बघितली न्हाय."

काकींनी डोक्यावर पदर घेतला आणि हो म्हटलं. अण्णा आत जाऊन जमिनीवर बसले. सुलीला म्हणाले, "रोजच्यासारखी चूल पेटीव, आणि दार लाव." सुलीनं चूल पेटवली, माझ्याकडं बघितलं आणि स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेतलं. आम्ही तिघं बाहेर उभे. आतून काकींची शिट्टी ऐकू येत होती. थोड्या वेळानं दुसरं खोकणं ऐकू आलं, अण्णांचं. तात्या दार उघडायला पुढं झाले, तर आतून आवाज आला, "ऱ्हाऊ द्या अजून." पाव तास तरी झाला असेल. बाहेर आले तेव्हा डोळे लाल झाले होते, धोतराला राख लागली होती. कुणाशी न बोलता ते घरी आले, टेबलाशी बसले, ब्लेड घेतलं आणि माझी रेघ खरवडून काढली. सगळी. कागद फाटेल की काय असं वाटत होतं.

मग त्यांनी तांबड्या शाईचं पेन उजव्या हातात धरलं, डाव्या हातानं उजवं मनगट आवळलं आणि स्वतः रेघ काढली. सव्विसाव्या घरापर्यंत. तिथं वळवली. थांबत थांबत, श्वास रोखून. सगळी नागमोडी झाली. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "पोरीनं काढलेली चांगली हुती की," ती हळूच म्हणाली. अण्णा म्हणाले, "खोटी रेघ काढायचीच तर ती माझ्या हातनं हुंदे. तिला अजून जलमभर काढायच्यात." आणि खाली सही केली.

हद्द मंजूर झाली. सत्ताविसावं घर बाहेर पडलं, मनाई उठली, तात्यांनी गवंडी बोलावला. एवढ्यावर हे संपतं तर मी आयुष्यभर सुखानं झोपले असते. पण गवंड्यानं मागच्या भिंतीत पहिली पहार मारली आणि चिरा पिठासारखा खाली आला. शंभर वर्षांचा खारा वारा भिंतीच्या पोटात शिरला होता. खिडकी पाडली तर भिंत राहणार नाही, भिंत गेली तर आढं राहणार नाही. मुंबईहून मुलानं कळवलं, आता एकदाच काय ते स्लॅबचं घर बांधून टाका. मी एक खिडकी मागितली होती. अख्खं घर गेलं.

कौलं उतरवायला सुरुवात झाली त्या दिवशी आमचं सामान बांधून तयार होतं. अण्णांनी कोट काढून अव्वाकडे दिला आणि ओळीत जाऊन उभे राहिले. वरून तात्या कौल देत, खाली अण्णा घेत. एकदा त्यांच्या हातून एक सुटलं आणि फुटलं, तर तात्या वरूनच म्हणाले, "जाऊ दे सायबानू." दुपारी पक्ष्यांचे सहा खांब निघाले, ते मुंबईच्या कुणीतरी नेले. तात्या घाटीवर उभे राहून बघत होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि रडत म्हणाले, "तात्या, माझ्यामुळं झालं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "गलबत मोडतत तेव्हा तांडेल किनाऱ्यार उभो रवता," ते म्हणाले. "रडणा नाय. माणसां उतरली काय नाय, ता बघता."

कोल्हापुरात परतल्यावर चौकशी झाली. मोजली सत्तावीस घरं, मग हद्द शेवटच्या घराआधीच का वळली, असं साहेबांनी विचारलं. अण्णांनी उजवा हात पुढं केला. "हात ऱ्हात न्हाय साहेब. चूक झाली. समदी माझी." ज्यासाठी ते दीड वर्ष लपले होते ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत ते जुन्या कागदांच्या खोलीत बसले, फायली झटकत. त्या खोलीलाही खिडकी नव्हती. घरी त्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही, आणि मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पावसाळ्यानंतर सुलीचं पत्र आलं. नवीन घर झालं. मागच्या खोलीला खिडकी ठेवली आहे, अगदी कमरेपासून वर. आई खाटेवर बसून दिवसभर समुद्र बघते. बाबांना म्हणते, इतकी वर्षं तुमी बघितलास, आता मी बघतंय. अण्णांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि खिशात घातलं. कोट धुवायला टाकताना अव्वानं ते काढून दिलं, तर पुन्हा खिशात घातलं. काकी त्यानंतर एकोणीस वर्षं जगल्या. अण्णा त्यांच्या आधी गेले. माडबंदरला ते पुन्हा कधी गेले नाहीत.

मी गेले, परवाच्या हिवाळ्यात, एवढ्या वर्षांनी. सव्वीस घरं तशीच्या तशी उभी आहेत, चुना नवा, खांबांना तेल. घाटीच्या तोंडाशी मोठा फलक आहे आणि पुण्या-मुंबईची माणसं घोळक्यानं हिंडतात. खोटं कशाला बोलू, बघून डोळे भरून आले. मी मोजलेली प्रत्येक पडवी जागेवर होती. आणि टोकाला सुलीचं घर. स्लॅबला काळे ओघळ, खाऱ्या हवेनं सळया फुगून सिमेंट फुटलेलं. सगळ्या ओळीतलं कुरूप म्हणावं तर तेच. सुली विधवा होऊन माहेरी परतली होती, एकटीच राहते. आम्ही दोघी पडवीत, म्हणजे आता तिथं जी गॅलरी आहे तिथं, चहा घेत होतो. तेवढ्यात दहा-बारा जणांना घेऊन गाईड आला. तिशीतला, टापटीप, बोलणं गोड. समोर थांबून म्हणाला, "इथं ही ओळ तुटते. सव्वीस वाचली, सत्ताविसावं गेलं. का? तर मोजणीला कोल्हापूरचा एक साहेब आला होता. आता कोल्हापूरकर तुम्हाला माहितीच आहेत! मटणाचं ताट आणि बाटली पुढं ठेवली की नकाशा पाहिजे तसा वळतो." लोक हसले. सुलीनं मान खाली घातली. तिनं हे आधीही ऐकलेलं होतं, हे मला तिच्याकडं बघूनच कळलं.

माझा कप खाली कधी ठेवला मला आठवत नाही. "ओ पावणं," मी म्हटलं, आणि माझा आवाज एकदम अव्वासारखा निघाला, "जरा थांबा की. तो साहेब माझा बाप." गाईडनं वळून बघितलं. "मटण त्यांनी जन्मात शिवलं न्हाई. दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा पीत नव्हते. आणि ती रेघ पहिल्यांदा मी वळवली, पंधरा वर्षांची असताना." मग मी सगळं सांगितलं. मडकं सांगितलं नाही, पण खोली सांगितली, पत्र सांगितलं, दार लावून घेतलेला पाव तास सांगितला, मनगट धरून काढलेली रेघ सांगितली. आणि कागदांच्या खोलीतली वर्षं सांगितली. तेव्हा सुली उठून उभी राहिली. "ह्या आमका ठावक नाय," ती म्हणाली. "गो, ह्या तू कधी सांगूकच नाय!" मी म्हटलं, तुझ्या आईचा श्वास बरा झाला होता, तुला काय सांगायचं.

सुलीनं डोळे पुसले, दार सताड उघडलं आणि त्या दहा-बारा अनोळखी माणसांना म्हणाली, "येवा. भुतूर येवा सगळे." आणि त्यांना चपलांसकट स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत नेलं. खोलीत एक खाट आणि भिंतभर खिडकी होती. भरतीची वेळ होती. पाण्याचा उजेड छतावर हलत होता. कुणीही फोटो काढला नाही. एक बाई खाटेच्या कडेवर हळूच टेकल्या आणि तशाच बघत राहिल्या.

लोक बाहेर पडले तरी गाईड मागं थांबला. त्याचं तोंड उतरलं होतं. "मला जसं सांगितलं तसं मी सांगत होतो, मावशी," तो म्हणाला. "आता बरोबर सांगेन. तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"आदगोंडा."

"काय?"

"आदगोंडा बाळगोंडा पाटील."

त्यानं खिशातून तो लोकांना वाटतो तो गावाच्या नकाशाचा कागद काढला, भिंतीवर धरला आणि समासात लिहायला लागला. मी चष्मा सारखा करून त्याच्या खांद्यावरून बघत होते. आदगोडा, असं त्यानं लिहिलं. मी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि अनुस्वार दिला.